शिक्का तपासून आत घेणे

वैशाखातल्या दुपारी शिंदखेड्यात मनुष्याने करण्याजोगे एकच काम उरते, आणि ते म्हणजे कूलरसमोर खाट ओढून, सुरत-भुसावळ लोहमार्गावरून जाणाऱ्या मालगाडीची घरघर ऐकत डोळा लागण्याची प्रतीक्षा करणे. आणि तहसील कचेरीत अव्वल कारकुनाच्या हुद्द्यापर्यंत पोचून सेवानिवृत्त झालेल्या माझ्यासारख्या इसमाने हा हक्क कोणासाठीही सोडू नये, असे माझे ठाम मत आहे. तरीही मागील आठवड्यात तो मला सोडावा लागला. सुट्टीत घरी आलेला नातू, जो एरवी नाशिकची प्रमाण मराठी बोलतो आणि केवळ संकटसमयीच अहिराणीचा आश्रय करतो, तो खाटेपाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आप्पा, गेम चालू नही व्हस. आते काय करानं?"

संगणकातले मला फारसे कळत नाही हे तो जाणून होता; परंतु घरातल्या संगणकात माझे निवृत्तिवेतनाचे कागद, शेताचे उतारे आणि सर्वांच्या आधारकार्डांच्या नकला असल्यामुळे त्याच्या पोटात हात घालण्यापूर्वी माझी मंजुरी घेणे आवश्यक आहे, असा दंडक मीच घालून ठेवला होता. पडद्यावर एक चौकट होती आणि तीत 'व्हॅन 9003' असा क्रमांक होता. नामंजुरीच्या हुकमाला जावक क्रमांक असावा, ही पद्धत मला पसंत पडली.

हा खेळ म्हणजे व्हॅलोरंट. रायट गेम्स या अमेरिकन कंपनीने 2 जून 2020 रोजी, जग टाळेबंदीत घरी बसलेले असताना, तो बाजारात आणला. पाच गडी एका बाजूस, पाच दुसऱ्या बाजूस, आणि मध्ये बंदुका. अशा खेळात लबाडी करणारे पुष्कळ असतात: कोणी भिंतीपलीकडचा शत्रू दिसेल अशी क्लृप्ती यंत्रात बसवतो, कोणी नेम आपोआप लागेल अशी. त्यांच्या बंदोबस्तासाठी कंपनीने 'व्हॅनगार्ड' नावाचा पहारेकरी नेमला आहे, आणि विंडोज 11 असलेल्या यंत्रात त्याची अट अशी, की टीपीएम 2.0 हे सुरक्षा उपकरण आणि सेक्युअर बूट ही व्यवस्था, दोन्ही चालू असल्याखेरीज खेळाडूस आत सोडणार नाही.

सेक्युअर बूट म्हणजे काय, हे नातवाने मला तीन वेळा सांगितले आणि तिन्ही वेळा मी मान हलवली. समजले मात्र सातबाऱ्यावरून. पूर्वी तलाठ्याने हाताने लिहिलेल्या उताऱ्यावर शाईचा गोल शिक्का उमटवला की तो खरा, आणि त्यात मागाहून कोणी एखादा आकडा वाढवला तर ते ओळखण्यास अनुभवी नजरच लागे. (एका नऊचा झालेला शून्य मी स्वतः पकडला आहे, पण तो किस्सा निराळा.) आता 15 रुपये भरून मिळणाऱ्या उताऱ्यावर डिजिटल स्वाक्षरी असते, आणि त्यातले एक अक्षर जरी बदलले तरी ती स्वाक्षरी मजकुराशी जुळत नाही. संगणक सुरू होताना जी प्रणाली जागी होते तिच्यावरही अशीच स्वाक्षरी असते. यंत्राच्या मूळ पाटीवर मान्य स्वाक्षऱ्यांची एक यादी व बाद स्वाक्षऱ्यांची दुसरी यादी जपलेली असते, आणि ताडून पाहिल्याशिवाय कोणासही पुढे जाऊ द्यायचे नाही, इतकेच सेक्युअर बूटचे काम. विंडोज जागे होण्यापूर्वीच जो चोर घरात शिरला, त्याला विंडोजच्या आतला रखवालदार ओळखू शकेलच असे नाही, म्हणून ही तपासणी वेशीवर. टीपीएमचे काम त्याच्या शेजारच्या बारनिशी कारकुनाचे: कोण कोणत्या क्रमाने आत आला याची नोंद ठेवणे, आणि किल्ल्या अशा पेटीत जपणे की पेटी फोडल्याखेरीज त्या बाहेर येऊ नयेत.

मग आमच्या यंत्रात ही वेस उघडी का होती? हे यंत्र आम्ही चार वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतले. ज्या कारागिराने त्यात 'विंडोज टाकून' दिले, त्याने जुन्या सवयीप्रमाणे ते जुन्या रीतीने बसवले. तबकडीच्या विभागांची नोंद ज्या पद्धतीने त्याने केली ती एमबीआर नावाची पद्धत 1983 सालची आहे, आणि यंत्र 'लेगसी' म्हणजे पूर्वापार रीतीने सुरू होत असे. त्या रीतीत स्वाक्षरी तपासण्याची सोयच नाही. विंडोज 11 च्या अटी त्याने कशा चुकवल्या हे तोच जाणे. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला यंत्र संध्याकाळपर्यंत चालू करून द्यायचे होते, आणि आम्हालाही ते संध्याकाळपर्यंतच हवे होते. चोराने फोडलेल्या दारांपेक्षा घाईने उघडी राहिलेली दारे या मुलखात अधिक सापडतील, असे माझे अनुमान आहे.

नातवाने 'एमएसइन्फो32' असा मंत्र टंकून तपासणी केली. 'बायोस मोड: लेगसी', 'सेक्युअर बूट स्टेट: अनसपोर्टेड'. दुसऱ्या खिडकीत टीपीएमची आवृत्ती मात्र 2.0 अशी स्वच्छ लिहिलेली होती. कारकून हजर, वेसकर गैरहजर. मी म्हटले, वेसकराला रुजू करून घे. यानंतर जे घडले त्याचा निम्मा दोष माझ्या घाईकडे जातो. यंत्र सुरू होताच एफ-2 ची कळ बडवून तो बायोसच्या, म्हणजे यंत्राच्या मूळ मांडणीच्या, पडद्यात शिरला, 'सीएसएम' नावाची जुन्या रीतीला आधार देणारी सोय त्याने बंद केली, बदल जतन केला आणि यंत्र पुन्हा सुरू केले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एवढेच आले, की सुरू करण्याजोगे उपकरण सापडत नाही. माझे निवृत्तिवेतन, शेताचे उतारे, आधारकार्डे! नातवाचा चेहरा पाहून मला त्याला रागावता आले नाही; आणि माझा चेहरा पाहून सुनेने दोघांपुढे ताक आणून ठेवले.

पुष्कळ वाचनानंतर कळले, की काहीच गमावलेले नव्हते. नवी वेस जुन्या पद्धतीची नोंदवही वाचत नाही, एवढीच गोष्ट होती. सीएसएम पुन्हा चालू करताच विंडोज जणू काही झालेच नाही अशा थाटात उभे राहिले. योग्य क्रम उलटा होता: आधी दप्तराचा फेरफार, मग वेशीचा. त्यासाठी विंडोजमध्येच 2017 पासून 'एमबीआर-टू-जीपीटी' हे साधन आहे. ते कागदपत्रांना हात न लावता एमबीआर नोंदवहीचे जीपीटी या नव्या पद्धतीत रूपांतर करते. मात्र तबकडीवर तीनहून अधिक मुख्य विभाग असतील, किंवा आत पोटविभाग पाडलेले असतील, तर ते अर्ज फेटाळते, आणि खरे रूपांतर करण्यापूर्वी केवळ तपासणी करून पाहण्याचीही तजवीज त्यात आहे. ह्या वेळी आम्ही प्रथम सर्व कागद पेनड्राइव्हवर उतरवले, मग तपासणी, मग रूपांतर, मग सीएसएम बंद, मग सेक्युअर बूट चालू. तरीही स्थिती 'ऑफ' अशीच दिसत राहिली. मान्य स्वाक्षऱ्यांची यादीच कोरी होती! वेसकर उभा, पण त्याच्या हाती नमुना शिक्का नाही. 'फॅक्टरी कीज' पूर्ववत करण्याचा पर्याय निवडल्यावर 'ऑन' हे दोन अक्षरी उत्तर आले, तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

खेळ सुरू झाला. नातू आनंदला, मी मात्र त्या पहारेकऱ्याविषयी विचार करीत बसलो. तो 'कर्नल'मध्ये बसतो असे ऐकून आरंभी मला लष्करी अधिकारी आठवला. पण हा कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभारा, जिथून यंत्रातले सर्व काही दिसते आणि सर्व काही करता येते. व्हॅनगार्ड यंत्राबरोबरच जागा होतो, खेळ चालू असो वा नसो. 2020 मध्ये यावर आरडाओरडा झाल्यावर त्याला बंद करण्याची सोय कंपनीने दिली, परंतु एकदा बंद केला की यंत्र पुन्हा सुरू केल्याखेरीज खेळता येत नाही. गाभाऱ्यात परक्याला नेमण्याची किंमत काय असू शकते, ते जगाने 19 जुलै 2024 रोजी पाहिले: क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच एका सदोष सुधारणेने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे 85 लाख संगणक कोसळले, आणि आपल्याकडे विमानाच्या प्रवाशांना हाताने लिहिलेले पास घेऊन चढावे लागले. त्याआधी 2022 मध्ये गेन्शिन इम्पॅक्ट या दुसऱ्या एका खेळाच्या पहारेकऱ्याचाच गणवेश चढवून खंडणीखोरांनी यंत्रांतली विषाणुरोधक व्यवस्था निकामी केल्याचे उघड झाले होते. तेव्हा माझा निवाडा असा: वेस बंद करून घेतली हे उत्तम झाले, आणि ती खेळाच्या लोभाने का होईना झाली, कारण माझ्या सांगण्याने हा मुलगा ती सात जन्मांत करता ना, परंतु गाभाऱ्यातली नेमणूक हंगामी असावी. सुट्टी संपताच खेळ आणि पहारेकरी दोघेही काढून टाकायचे, वेस मात्र बंदच ठेवायची, असा करारनामा आम्ही तोंडी केला आहे.

आमची कीर्ती गल्लीत पसरल्यामुळे दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाने आपल्या लॅपटॉपवर तोच प्रयोग केला, आणि निळ्या पडद्याने त्याच्याकडे 48 आकड्यांची किल्ली मागितली. त्या यंत्रातल्या मजकुराला बिटलॉकर नावाचे विंडोजचे कुलूप होते, ह्याची घरात कोणास गंधवार्ता नव्हती. वेशीत फेरफार झाला की ते कुलूप संशयाने किल्ली मागते. नशिबाने लॅपटॉप घेताना वडिलांनी स्वतःच्या ईमेलने मायक्रोसॉफ्टचे खाते उघडले होते, आणि त्या खात्यात किल्ली नोंदलेली सापडली. नाहीतर सर्व मजकूर कायमचा जप्त होण्याची भीती होती. म्हणून वाचकांस विनंती, की मुलांनी बायोसला हात लावण्यापूर्वी ही किल्ली शोधून कागदावर उतरवून घ्यावी, आणि ज्या यंत्राच्या कुलपाची ती किल्ली आहे त्याच यंत्रात ती ठेवू नये. शेजाऱ्यांची चिठ्ठी त्यांनी माझ्या हवाली केली असून, ती सध्या आमच्या पत्र्याच्या पेटीत, 1962 सालच्या खरेदीखताखाली आहे.