आराम पडला, पण नोंद कुठे?

जगभरातले बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात. अँड्रॉइड फोनच्या तळाशीही त्याचाच गाभा, म्हणजे कर्नेल असतो. या कर्नेलमध्ये २०१४ साली एक लहानसा बदल झाला. संगणक सांभाळणाऱ्याने स्वतः आज्ञा देऊन 'कॅशे' रिकामी केली, की यंत्राच्या नोंदवहीत एक ओळ आपोआप उमटू लागली. आज्ञा कोणत्या प्रोग्रॅममधून आली, त्या प्रोग्रॅमचा चालू क्रमांक काय आणि काय रिकामे केले, एवढेच त्या ओळीत असते. ज्यांच्या हातात औषधाची चिठ्ठी असते, त्यांनी या ओळीमागचा विचार समजून घ्यावा असा आहे.

कॅशे समजायला रुग्णालयातला वॉर्ड पुरे. स्टोअर लांब असते, म्हणून सिस्टर दिवसभर लागणारी इंजेक्शने, कापूस, सलाईनचे सेट जवळच्या ट्रेमध्ये काढून ठेवतात. कर्नेलही तेच करतो. डिस्कवरून एकदा वाचलेली माहिती तो मोकळ्या मेमरीत ठेवून देतो, कारण ती पुन्हा लागण्याची शक्यता असते. दुसऱ्या कामाला जागा हवी झाली की हा साठा तो स्वतःच कमी करतो. त्यामुळे निरोगी यंत्रातही 'मोकळी मेमरी' थोडीच दिसते. ते पाहून घाबरणे म्हणजे ट्रे भरलेला दिसला म्हणून वॉर्ड आजारी ठरवणे.

पण माणसे घाबरतात. २००६ मध्ये कर्नेलला 'ड्रॉप कॅशेस' नावाची सोय मिळाली. १ लिहिले की वाचलेल्या फायलींचा साठा जातो, २ लिहिले की फायलींच्या नावांच्या व ठिकाणांच्या याद्या, ३ लिहिले की दोन्ही. ही सोय चाचण्या घेणाऱ्यांच्या कामाची. मात्र पुढे कुणीतरी कुणाला सांगितले, की दर तासाला हे केले तर यंत्र ठणठणीत राहते, आणि घड्याळ लावून ही आज्ञा चालवण्याची रीत पडली. फोन 'हलका' करणारी ॲप लोक दिवसातून दहा वेळा दाबतात, तसलाच हा समज. माहिती यात नष्ट होत नाही, पण सगळे डिस्कवरून पुन्हा वाचावे लागते आणि यंत्र काही काळ आणखी मंदावते.

खरे नुकसान वेगळेच आहे. एखादा प्रोग्रॅम मेमरी गिळत असेल, किंवा कर्नेलच साठा नीट कमी करत नसेल, तर तो खरा आजार. दर तासाच्या सफाईने तो झाकला जातो. आलेख पाहणाऱ्या अभियंत्याला मेमरी अचानक मोकळी झालेली आणि डिस्क अचानक धावपळीत दिसते, आणि कारण सापडत नाही. ती एक ओळ असली की कोडे मिनिटभरात सुटते.

आता परभणीकडे या. जिंतूर, पालम किंवा सोनपेठ तालुक्यातल्या गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी येणाऱ्या रुग्णाच्या पिशवीत बरेचदा कागदाची पुडी असते. आत तीन-चार सुट्या गोळ्या, नाव नसलेल्या. गुडघे दुखतात, दम लागतो, अंगाला खाज येते. पुडी घेतली की दोन दिवसांत बरे वाटते. इतक्या लवकर आणि इतक्या तऱ्हेतऱ्हेच्या तक्रारींवर आराम देणारी गोळी पाहिली की डॉक्टरांना पहिला संशय स्टिरॉइडचा येतो. स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. दम्याच्या तीव्र झटक्यात ते जीव वाचवते. पण महिनोन्‌महिने घेतले तर चेहरा सुजतो, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग असूनही ताप दबून राहतो. आणि शरीराने स्वतःचे स्टिरॉइड बनवणे जवळजवळ थांबवलेले असते. अशा वेळी पुडी अचानक बंद झाली, गावच्या डॉक्टरांचा दवाखाना आठवडाभर बंद राहिला एवढेही पुरते, की उलट्या, गळाठा, रक्तदाब कोसळणे सुरू होते. वेळेवर स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले तर माणूस वाचतो. पण ते आठवायला आधी पुडीत काय होते हे कळावे लागते.

क्षयरोगातही असेच. खोकल्यावर कुणी लिव्होफ्लॉक्सासिन देते, रुग्णाला काही दिवस बरे वाटते, थुंकीतले जंतू कमी होतात आणि निदान लांबते. तोवर घरातली लेकरे त्याच खोलीत झोपत असतात.

योगायोग असा, की आपल्याकडेही २०१४ मध्येच एक नोंदवही आली. त्या वर्षीच्या १ मार्चपासून 'शेड्यूल एच-१' लागू झाले. त्यातल्या औषधांसाठी मेडिकल दुकानदाराने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि प्रमाण वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षे जपायचे असते. यादीत लिव्होफ्लॉक्सासिन आहे, क्षयाची औषधे आहेत, झोपेच्या काही गोळ्याही आहेत. स्टिरॉइडच्या गोळ्या मात्र त्यात घातल्या नाहीत. त्या साध्या 'एच'मध्येच राहिल्या. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतही तीन वर्षे कागदपत्रे जपण्याचे बंधन आहे ते दाखल रुग्णांचे. दवाखान्याच्या टेबलावर बांधून दिलेली पुडी या दोन्ही जाळ्यांतून सुटते. ही फट बुजवायला हवी: स्टिरॉइड एच-१ मध्ये यावे आणि हातात दिलेल्या प्रत्येक गोळीचे नाव चिठ्ठीवर यावे.

यावर खेड्यातल्या डॉक्टरांचा आक्षेप ठरलेला आहे: लिहून दिले की पुढे तेच कागद आमच्यावर उलटतात. ही भीती खोटी नाही. म्हणूनच कर्नेलचा मार्ग पाहण्यासारखा आहे. तिथली ती ओळ 'माहिती' या दर्जाची आहे. इशारा नाही, चूक नाही. आज्ञा अडवली जात नाही, कुणाला जाबही विचारला जात नाही. तिथे ओळ उमटू नये अशीही सोय आहे, कारण चाचण्या घेणाऱ्यांची वही उगाच भरू नये. औषधाच्या बाबतीत ही शेवटची सवलत देता येणार नाही, पण बाकीचा सूर घेण्यासारखा आहे. तालुक्याच्या डॉक्टरने चिठ्ठीवर औषधाचे नाव लिहिले, तर पुढच्या डॉक्टरने त्याबद्दल रुग्णासमोर त्याचा पाणउतारा करायचा नाही. एवढा संयम मोठ्या रुग्णालयांनी पाळला तरी बऱ्याच चिठ्ठ्या बोलक्या होतील.

तोवर घरच्यांनी रिकामी पाकिटे टाकून देऊ नयेत, गोळ्या सुट्या मिळाल्या तर नाव विचारून पुडीवरच लिहून घ्यावे. रुग्णाला दाखल करताना 'बाहेर कुठे औषध घेतले का' असे विचारले, की बहुतेक जण 'नाही' म्हणतात. 'सुई कुठे टोचून घेतली का' असे विचारले, तर लगेच उत्तर येते: 'ती व्हय, ती शक्तीची होती.'