'चाचा' की 'सरखेल'? जुन्या कागदांवर आज कोणता शब्द लिहायचा?

जयगड किल्ल्याची जुनी माहिती शोधायला बसलात, की १८८० साली छापलेलं मुंबई इलाख्याचं रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियर हाती लागतंच. १५८३ ते १५८५ या काळात किल्ला संगमेश्वरच्या नाईकाकडे होता. तो इतका बळकट होता, की पोर्तुगीज आणि विजापूरकरांनी मिळून त्याच्यावर दोन मोहिमा काढल्या. गॅझेटियरमध्ये या नाईकाची ओळख मात्र एका शब्दात आहे: चाचा, म्हणजे समुद्री लुटारू.

पुढे १७१३ मध्ये जयगड कान्होजी आंग्र्यांकडे आला. इंग्रजी कागदपत्रांत त्यांच्याही वाट्याला तोच शब्द आला. मराठीत मात्र कान्होजी 'सरखेल' आहेत, म्हणजे आरमाराचे प्रमुख. माणूस एकच, ओळखी दोन. मग हे कागद जपणाऱ्या अभिलेखागाराने आपल्या यादीत काय लिहायचं?

एका शब्दाने एवढा काय फरक पडतो?

अभिलेखागारात लाखो कागद असतात. वाचक थेट कागदापर्यंत पोहोचत नाही, आधी यादी पाहतो. ही यादी म्हणजेच कॅटलॉग. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर तर घरबसल्या शोध घेता येतो. पण सर्चमध्ये टाकलेला शब्द यादीत नसेल, तर कागद असूनही सापडत नाही. 'मराठा आरमार' शोधणाऱ्याला 'चाचेगिरी' या विषयाखाली ठेवलेली फाईल कशी दिसणार?

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत. हे तिन्ही किल्ले आंग्र्यांच्या इतिहासाशी जोडलेले आहेत. जयगड त्या यादीत नाही, पण कोकणातल्या किल्ल्यांची माहिती शोधणारे आता वाढणार. त्यांना आधी दिसेल ती यादीतली ओळख.

'चाचा' कोण, हे ठरवलं कुणी?

कान्होजींचा नियम सरळ होता. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना घ्यायचा. नाही घेतला, तर जहाज पकडलं जाणार. पोर्तुगीजही 'कार्ताझ' नावाचा परवाना सक्तीने घ्यायला लावत. पण त्याला ते राज्याचा हक्क म्हणत. इंग्रजांना आंग्र्यांचं दस्तक मान्य नव्हतं, म्हणून ते चाचे ठरले. थोडक्यात, 'चाचा' हे इथे निव्वळ वर्णन नाही. तो एका पक्षाचा आरोप आहे.

मग 'शूरवीर' लिहायचं का? तेही नको. तो दुसऱ्या पक्षाचा गौरव झाला. 'सरखेल' हा छत्रपतींनी दिलेला हुद्दा आहे, कागदावर तपासता येतो. म्हणून 'मराठा आरमाराचे प्रमुख (सरखेल)' हे वर्णन बरोबर. संगमेश्वरच्या नाईकाला 'जयगडचा स्थानिक सत्ताधीश' म्हणता येईल.

हा प्रश्न फक्त किल्ल्यांचा नाही

कान्होजींची बाजू घ्यायला आज खूप जण आहेत. मुंबईतला नौदलाचा तळही 'आयएनएस आंग्रे' या नावाने ओळखला जातो. पण सगळ्यांच्याच मागे कुणी उभं नसतं.

इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मानेच 'गुन्हेगार' ठरवलं. महाराष्ट्रातल्या पारधी, कैकाडी अशा समाजांवर हा शिक्का बसला. कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला, समाज 'विमुक्त' झाले. पण जुन्या फायलींचं शीर्षक 'गुन्हेगार जमाती' असंच राहिलं. आपल्या पणजोबांची नोंद शोधणाऱ्या मुलीला आजही हाच शब्द सर्च करावा लागत असेल, तर तो शिक्का पुसला गेला असं कसं म्हणायचं?

मग जुने शब्द खोडून टाकायचे?

अजिबात नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समता नगर, क्रांती नगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला. आजच्या पाटीसाठी ते योग्यच. पण १९२० च्या कागदावरचं 'महारवाडा' खोडलं, तर गावाने माणसांना वेगळं ठेवलं होतं याचा पुरावाच जाईल.

शिवाय जुना शब्द हा हक्काचा आधार असतो. जात पडताळणीत अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, तर विमुक्त जातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे पुरावे लागतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने 'कुणबी' या एका शब्दासाठी जुनी दफ्तरं तपासली. मूळ नोंदीतला शब्द बदलला असता, तर त्या शोधाला अर्थच उरला नसता.

तोडगा काय?

कागद आणि कागदाचं वर्णन, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या.

• मूळ शीर्षक जसंच्या तसं, पण अवतरणचिन्हांत. म्हणजे ते त्या काळाचे शब्द आहेत, अभिलेखागाराचे नाहीत, हे कळतं.
• त्याखाली आजचं वर्णन. त्यात त्या समाजाने स्वतः स्वीकारलेला शब्द वापरायचा.
• शोधासाठी जुना आणि नवा, दोन्ही शब्द जोडायचे.
• वर्णन कुणी, कधी आणि का बदललं, याची टीप ठेवायची.

जगातही हेच चाललंय. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२१ मध्ये 'बेकायदा परके' या अर्थाचं विषयशीर्षक बदलून 'नागरिक नसलेले' या अर्थाचं केलं. आधीच्या पुस्तकांची नावं मात्र कुणी बदलली नाहीत.

आणि हे काम फक्त अभिलेखागाराचं नाही. गावाच्या ग्रुपवर जुना फोटो टाकताना आपण खाली जी ओळ लिहितो, तोही एक कॅटलॉगच असतो. फोटोमागे पूर्वी कुणी काय लिहिलंय ते अवतरणात द्या, आणि माणसांची नावं माहीत असतील तर नावंच लिहा. 'गावकरी आणि नोकर' असं लिहिलेल्या फोटोत त्या नोकरालाही नाव होतं, आणि तोही गावकरीच होता.