पाच लाखांचं कार्ड आहे, पण रोजच्या गोळीचं काय?

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा या भागांतील वस्त्या निम्म्या रिकाम्या होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ती परततात मार्च-एप्रिलमध्ये. मागे राहतात म्हातारे आई-वडील, आणि अनेकदा त्यांच्याच भरवशावर ठेवलेली नातवंडं.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू लागले. निर्णय चांगलाच आहे. आधार कार्ड दाखवून ‘वय वंदना’ कार्ड जरूर काढून घ्या.

पण एक गोष्ट समजून घ्या. हे कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडतं. बाह्यरुग्ण तपासणी आणि रक्तदाब-मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. घरी एकट्या असलेल्या माणसाचा घात बहुतेक वेळा इथेच होतो. गोळ्या संपतात, आणायला कोणी नसतं, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून औषध बंद होतं. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, त्यामुळे तो कळतही नाही. कळतो तो थेट पक्षाघात झाल्यावर.

या गोळ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. अडचण पैशांपेक्षा तिथपर्यंत जाण्याची आणि आठवण ठेवण्याची आहे. म्हणून गाव सोडण्यापूर्वी एवढं करा:

• आई-वडिलांचा रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. गोळ्या दर महिन्याला कोण आणणार, हे नाव घेऊन ठरवा: भावकीतला एखादा पोरगा, शेजारीण, कोणीही. आशाताईंनाही सांगून ठेवा.

• सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. वाचता येत नसेल तर डब्यांवर सूर्य आणि चंद्र काढा.

• मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टाळू नये. एकट्यासाठी चूल कोण पेटवणार, म्हणून बरेच जण उपाशी झोपतात. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं तर शुद्धीत असताना लगेच साखर-पाणी द्यावं. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नये, १०८ ला फोन करावा.

• गुडघेदुखीसाठी मनानेच वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. त्यांनी रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो.

• तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोबडी वळणं, यांपैकी काहीही अचानक झालं तर १०८ ला फोन करावा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. हे नातवंडांनाही शिकवून ठेवा, कारण त्या वेळी घरात तीच असतील.

फडावरून फोन कराल तेव्हा ‘बरी आहेस ना?’ एवढंच विचारू नका. आई ‘बरी आहे’च म्हणणार. त्याऐवजी विचारा: ‘आज काय खाल्लंस? गोळ्या किती उरल्यात?’

तिच्या उत्तरावरून खरी परिस्थिती कळेल.