आधी वाट ठरवा, मग घड्याळ लावा

दर वर्षी १२ जुलैच्या आसपास पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी रेनकोट, पाठपिशव्या आणि भगव्या झेंड्यांची दाटी होते. कोल्हापूर, सांगली, पुणे, मुंबईहून आलेल्या मोहिमा तिथून पावनखिंडीकडे निघतात. पहिला मुक्काम वाटेतल्या एखाद्या वाडीत आणि दुसऱ्या दिवशी खिंड, असा बहुतेकांचा शिरस्ता. हिल रायडर्ससारख्या कोल्हापूरच्या संस्थांनी ही पदभ्रमंती वर्षानुवर्षे चालवली. अलीकडे मात्र याच वाटेवर मनगटी घड्याळाचे बटण दाबून पळत सुटणारेही दिसू लागले आहेत. दोन दिवसांची वाट एका दमात, दिवस मावळायच्या आत संपवायची आणि संध्याकाळी 'टायमिंग' मित्रांना पाठवायचे. कोल्हापूरकराला नाद लागला की तो अर्धवट राहत नाही, हे सगळा महाराष्ट्र जाणतो.

यावर जुन्या ट्रेकर मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. गड-वाटा डोळे भरून पाहायच्या असतात, गोनीदांसारखी माणसे त्या पायी तुडवत हिंडली, तिथे कसली आली शर्यत, असा त्यांचा सवाल असतो. सवाल वावगा नाही, पण नेमक्या याच वाटेला तो लागू पडत नाही. पन्हाळा ते विशाळगड ही वाट इतिहासात अजरामर झाली तीच मुळी वेगामुळे.

सिद्दी जौहरचा वेढा १६६० च्या मार्चपासून पन्हाळ्याला पडलेला. चार महिने झाले, पावसाळा सुरू झाला, तरी तो ढिला होईना. आषाढी पौर्णिमेच्या रात्री भर पावसात शिवाजी महाराज सुमारे सहाशे मावळ्यांसह गडाबाहेर पडले. एका पालखीत महाराज आणि दुसरीत त्यांच्यासारखा वेश केलेले नेबापूरचे शिवा काशीद. दुसरी पालखी शत्रूच्या हाती लागली. शिवा काशीदांनी प्राण दिले, पण त्यात शत्रूचा जो वेळ गेला तो महाराजांच्या पदरात पडला. पुढे घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू आणि बांदलांच्या मावळ्यांनी आणखी काही तास विकत घेतले, जिवाच्या मोलाने. महाराज विशाळगडाखाली पोचले तेव्हा तिथेही सुर्वे आणि दळवी यांचा वेढा होता. तो फोडून ते गडावर गेले. या साऱ्याला वीस-एकवीस तास लागले असे मानले जाते.

आजच्या धावपटूंच्या हिशेबाने पाहिले तर ही 'सपोर्टेड' कामगिरी ठरते. पालखीचे भोई होते, वाट माहीत असलेली माणसे पुढे होती आणि पिछाडी सांभाळणारी फौज होती. त्या रात्रीचा वेग सहाशे जणांचा होता. हे ध्यानात घेतले तर 'महाराजांपेक्षा कमी वेळात पोचलो' अशी फुशारकी कोणी मारणार नाही. त्यांच्या पाठीवर वेढा होता आणि पुढ्यातही. आपल्या पाठीवर फार तर दोन लिटर पाणी असते.

लांब पल्ल्याच्या पायवाटा कमीत कमी वेळात पार करण्याचा खेळ आता जगभर रुजला आहे. त्याला 'फास्टेस्ट नोन टाइम' म्हणतात. इथे शिट्टी वाजवणारा पंच नसतो, शर्यतीचा ठरलेला दिवस नसतो, बक्षिसाची रक्कमही नसते. ज्याने त्याने आपल्या सोयीने निघावे, जीपीएसचा माग दाखवावा, छायाचित्रे द्यावीत आणि खरे बोलावे. वाटेत पथक मदत करते की नाही, दुकानातून खाणे घेतले की सगळे सुरुवातीपासून पाठीवर वाहिले, यावरून विक्रमांचे वेगवेगळे प्रकार पडतात.

अमेरिकेतल्या सुमारे ३,५०० किलोमीटरच्या ॲपलाचियन ट्रेलवर १९४८ मध्ये अर्ल शेफर सलग चालत गेला, तेव्हा त्याला १२४ दिवस लागले होते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये टारा डॉवर या तरुणीने ती वाट ४० दिवस, १८ तास आणि ६ मिनिटांत संपवली. म्हणजे रोज ८५ किलोमीटरहून अधिक. आधीचा विक्रम बेल्जियमच्या कारेल साबे या पुरुषाचा होता आणि तिने तो १३ तासांहून जास्त फरकाने मोडला. डोंगरावरच्या लांब पल्ल्याला बाई-पुरुष असा भेद फारसा टिकत नाही, याचा हा ठसठशीत पुरावा.

पण या विक्रमांना अर्थ आहे तो ती वाट नक्की आहे म्हणून. ॲपलाचियन ट्रेल १९३७ मध्ये सलग जोडली गेली. झाडांवर आणि खडकांवर पांढरे पट्टे मारलेले आहेत, वळण कुठे घ्यायचे यावर वाद नाही आणि स्वयंसेवक वर्षभर तिची डागडुजी करतात. वाट सोडली तर विक्रमही जातो. ग्रँड टेटन शिखर चढून उतरण्याचा जुना विक्रम २०२४ मध्ये मिशेलिनो सनसेरी याने सुमारे तीन मिनिटांनी मोडला. पण उतरताना त्याने बंद केलेल्या आडवाटेने वळण वाचवले होते. नोंद ठेवणाऱ्यांनी त्याचा दावा फेटाळला, शिवाय राष्ट्रीय उद्यानाचा नियम मोडला म्हणून खटलाही उभा राहिला. त्याआधी २०१५ मध्ये स्कॉट ज्युरेकने ॲपलाचियन ट्रेलचा विक्रम करून शेवटच्या शिखरावर शँपेन उघडली, तर बॅक्स्टर स्टेट पार्कने त्याच्यावरही कारवाई केली. विक्रमवीर असला म्हणून डोंगराचे नियम त्याच्यासाठी वाकले नाहीत.

आता पन्हाळ्याकडे या. इथे नियम मोडण्याचा प्रश्नच येत नाही, कारण वाटच ठरलेली नाही. पन्हाळा ते पावनखिंड अंतर किती, असे चार मोहीमवाल्यांना विचारा. ४५ पासून ६० किलोमीटरपर्यंत आकडे ऐकायला मिळतात. कोणी राजदिंडीतून उतरतो, कोणी डांबरी रस्ता धरतो. म्हाळुंग्यावरून मसाई पठारावर जावे, तिथून कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, रिंगेवाडी करीत पांढरेपाणी गाठावे, हा ढोबळ क्रम सगळ्यांना मान्य आहे. पण दोन वाड्यांच्या मधे दहा पायवाटा फुटतात, काही नव्या रस्त्यांखाली गेल्या आहेत आणि काहींवर शेती झाली आहे. शेवट कुठे, हेही पक्के नाही. बहुतेक मोहिमा पावनखिंडीत थांबतात, महाराज मात्र विशाळगडावर पोचले होते. अशा स्थितीत एकाचे नऊ तास आणि दुसऱ्याचे अकरा तास यांची तुलना करणे व्यर्थ आहे.

शिवाय ही वाट मोकळ्या मैदानातून जात नाही. मसाई पठारावर जांभ्याच्या कातळावर शेवाळाचा थर असतो, धुके उतरले की दहा हातांवरचे दिसत नाही आणि पळणाऱ्याचा पाय नेमका तिथेच सटकतो. कातळावर मातीचा जेमतेम पापुद्रा असतो. पावसाळी रानफुले त्याच्यावरच तगतात आणि शेकडो बुटांच्या एका फेरीत तो पापुद्रा उखडतो. पठार उतरले की जुलैत खाचरांमध्ये रोपलावण चालू असते. इरले पांघरून वाकलेल्या बाया, गुडघाभर चिखल, आणि खाचरातले पाणी धरून ठेवणारा हातभर रुंदीचा बांध. चालणारा त्या बांधावरून जपून पाय टाकतो. घाईतला मधूनच उडी मारतो, बांध खचतो, पाणी खालच्या वावरात जाते. त्याचे चार सेकंद वाचतात, शेतकऱ्याची सकाळ जाते. पुढच्या ओढ्यांना तासाभरात पूर येतो तो वेगळाच.

तरीही उपाय बंदी हा नाही. आतकरवाडीतून सिंहगड किती मिनिटांत चढला, याची चढाओढ पुणेकर रोज करतात. सिंहगड, राजगड, तोरणा जोडणारी अल्ट्रा शर्यत पावसाळा सरल्यावर होते आणि त्यातून सह्याद्रीत धावणारी एक चांगली पिढी तयार झाली. कुस्ती आणि फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या कोल्हापूरला या खेळात मागे राहायचे कारण नाही. मात्र काम उलट्या क्रमाने चालले आहे. विक्रम आधी जाहीर होतात आणि वाट कोणती, हे नंतर विचारले जाते.

पन्हाळा ११ जुलै २०२५ रोजी जागतिक वारसा यादीत आला. मराठा लष्करी भूप्रदेशाच्या बारा किल्ल्यांपैकी तो एक. किल्ल्याला मान मिळाला, पण त्याच्या सर्वांत प्रसिद्ध वाटेला अजून साधा अधिकृत नकाशाही नाही. शिवाजी विद्यापीठाचे भूगोल आणि इतिहास विभाग, वन खाते, पुरातत्त्व खाते, जिल्हा परिषद आणि मोहिमा काढणाऱ्या संस्था यांनी एकत्र बसून हे काम हाती घ्यावे. वाट जीपीएसवर मोजावी, वादाच्या जागी दोन्ही मते नोंदवावीत, पण चालण्यासाठी एकच रेघ मुक्रर करावी. अंतराचे दगड रोवावेत. बांधांना वळसा घालणाऱ्या पायवाटा ग्रामस्थांच्या संमतीने ठरवाव्यात आणि मुक्काम, जेवण, वाटाड्या यांचा पैसा वाड्यांतच राहील असे पाहावे.

त्यानंतर धावणाऱ्यांनी खुशाल धावावे, पण दोन अटींवर. १२ आणि १३ जुलै हे दिवस चालणाऱ्यांचे राहू द्यावेत. त्या गर्दीत घड्याळ लावू नये. आणि वेगाची नोंद भाताची कापणी उरकल्यावर, डिसेंबर ते फेब्रुवारीत व्हावी. पावसातच करून दाखवायची कोणाला खुमखुमी असेल, तर त्याची नोंद वेगळ्या रकान्यात करावी आणि वाड्यांना आगाऊ कळवून, सोबत घेऊनच निघावे. पुढच्या जुलैच्या आत नकाशा तयार व्हावा. तोवर पन्हाळा ते पावनखिंडीचा कोणताही 'विक्रम' कोणी मानू नये, वर्तमानपत्रांनीही छापू नये.