मोशेचे नियमशास्त्र आणि ख्रिस्ती माणसाचे दायित्व

बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांत आलेल्या आणि यहुदी परंपरेने ६१३ मोजलेल्या आज्ञांना मोशेचे नियमशास्त्र म्हणतात. ते ख्रिस्ती माणसाला आजही लागू आहे काय, या प्रश्नाला बहुधा असे उत्तर दिले जाते की या आज्ञांचे नैतिक, उपासनाविधीविषयक आणि न्यायव्यवहारविषयक असे तीन वर्ग पडतात. त्यांपैकी विधींची ख्रिस्तात पूर्तता झाली, न्यायव्यवहार प्राचीन इस्राएल राष्ट्राबरोबर संपला आणि नैतिक आज्ञा तेवढ्या सर्वकाळ बंधनकारक राहिल्या. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ही विभागणी तपशिलाने मांडली, आणि स्कॉटलंडच्या मंडळीने १६४७ मध्ये स्वीकारलेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारामुळे ती अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रुजली.

ही विभागणी सोयीची असली तरी मान्य करता येत नाही, कारण खुद्द नियमशास्त्रात तिचा मागमूस नाही. लेवीय या ग्रंथाच्या १९ व्या अध्यायात शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा १८ व्या वचनात येते आणि लगेच पुढच्या वचनात शेतात दोन जातींचे बी मिसळून पेरू नये, दोन प्रकारच्या सुतांचे वस्त्र अंगावर घालू नये, असे सांगितले आहे. एक आज्ञा शाश्वत आणि दुसरी कालबाह्य, अशी रेघ त्या दोहोंमध्ये कोठेही ओढलेली नाही. ती वाचणाऱ्याने बाहेरून आणलेली असते. सुंता करून घेणारा संपूर्ण नियमशास्त्राने बांधला जातो, असे पौल गलतीकरांस बजावतो, ते याच कारणाने: करार एकसंध आहे, त्यातले आवडेल तेवढे उचलण्याची मुभा नाही. आणि हा करार मिसरच्या दास्यातून सुटलेल्या इस्राएलाशी झालेला आहे. कोकणातील बेने इस्राएल शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत आणि म्हणून शनवार तेली म्हणवले जात, ते या कराराचे वारस या नात्याने. परराष्ट्रीय ख्रिस्ती त्या नात्यात कधीच नव्हते. इसवी सनाच्या ४९ च्या सुमारास यरुशलेमेत प्रेषित आणि वडील एकत्र बसले, तेव्हा परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांवर सुंतेचे जू लादू नये असेच ठरले. लूथरने १५२५ मध्ये मोशेच्या नियमांना सॅक्सन लोकांच्या कायदेसंहितेची उपमा दिली, तीही याच अर्थाने.

मग खून आणि चोरी मोकळी झाली काय, असा प्रतिप्रश्न हमखास येतो. कोणत्याही देशाचा कायदा रद्द झाल्याने खून निर्दोष ठरत नाही. त्याची निषिद्धता मोशेच्या आधीची आहे, आणि प्रेषितांच्या पत्रांत ती नव्या कराराच्या पायावर पुन्हा उभी राहते. शब्बाथाचे मात्र तसे नाही. दिवस पाळावा की न पाळावा, हे रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १४ व्या अध्यायात प्रत्येकाच्या विवेकावर सोडले आहे.

याच्या उलट टोकाचे मतही तितकेच चुकीचे आहे. दुसऱ्या शतकातील मार्सियनने इस्राएलाचा देव आणि येशूचा पिता वेगळे ठरवून जुना करार समूळ टाकून दिला, तेव्हा इसवी सन १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले, आणि ते योग्यच झाले. आपण नियमशास्त्र रद्द करायला नव्हे तर पूर्ण करायला आलो, हे येशूचे सांगणे मार्सियनला पचवता येत नाही. पूर्ण झालेला करार कायदा म्हणून अंमल गाजवत नाही, पण देवाच्या मनाची साक्ष म्हणून बोलत राहतो.

ती साक्ष कशी वाचावी, याचा नमुना पौलानेच घालून दिला आहे. मळणी चालू असताना बैलाला मुसके बांधू नये, असा नियम अनुवाद या ग्रंथात आहे. करिंथकरांस लिहिताना पौल तो दंडविधान म्हणून राबवत नाही, निरुपयोगी म्हणून टाकूनही देत नाही. राबणाऱ्याला त्या कामातला वाटा मिळालाच पाहिजे, हे तत्त्व तो त्यातून काढतो आणि सुवार्तिकांच्या उदरनिर्वाहाला लावतो. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवू नये, ही लेवीयातील आज्ञाही अशीच वाचायची आहे, आणि शेते कापणाऱ्यांची मजुरी अडवणाऱ्या धनवानांना याकोबाच्या पत्रात जे कठोरपणे सुनावले आहे, त्यामागे हीच आज्ञा उभी आहे.