तरुणांचें औषध आणि वडीलधाऱ्यांचें कर्तव्य

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण संसारांत पुष्कळ ठिकाणीं शहाणपणाची ठरते. परंतु रोगाच्या बाबतींत मूठ झाकून ठेवणें म्हणजे रोगास अभय देणें होय. एच.आय.व्ही. ह्या विषाणूविषयीं आमच्या घराघरांतून जें मौन पाळलें जातें, त्याबद्दल चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

हा विषाणू भारतांत आला आहे, हें प्रथम १९८६ सालीं मद्रास येथें रक्ततपासणीनें सिद्ध झालें. तें काम करणाऱ्या डॉ. सुनीति सॉलोमन ह्या मूळच्या गायतोंडे ह्या महाराष्ट्रीय घराण्यांतील होत. त्या काळीं ह्या रोगावर उपाय नव्हता. आज मात्र तो होण्यापूर्वींच टाळणारें औषध आहे. टेनोफोव्हिर व एम्ट्रिसिटाबिन ह्या दोन द्रव्यांची गोळी निरोगी मनुष्यानें रोज घेतल्यास, विषाणू शरीरांत शिरला तरी त्यास आपली वाढ करितां येत नाहीं. शरीरसंबंधांतून होणारी बाधा तिनें सुमारें ९९ टक्के टळते. आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनें २०२२ सालीं तिच्याविषयीं मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या. इतर गुप्तरोगांवर ती चालत नाहीं, व डॉक्टरांच्या तपासणीवांचून ती घेऊं नये, हेंही ध्यानांत ठेवावें.

परंतु डबींत राहिलेली गोळी कोणाचेंही रक्षण करीत नाहीं. अमेरिकेंत १५ ते १७ वर्षांच्या मुलांवर झालेल्या व २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसलें कीं, दरमहा भेट होती तोंवर मुलें गोळी बरी घेत. भेटी तीन महिन्यांवर गेल्या, तेव्हां गोळी घेण्यांत खंड पडूं लागला. ह्यावरून तरुणांस औषधाइतकीच आपुलकीनें विचारपूस करणाऱ्या मनुष्याची गरज आहे, हें उघड होतें.

कित्येक पालक म्हणतील, अशा औषधानें मुलें बिघडतील. सदाचाराची शिकवण सोडावी, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु हा धोका केवळ स्वतःच्या वर्तनानेंच येतो काय? बाधित पतीच्या निर्दोष पत्नीसही तो असतो. एखाद्या मुलामुलीवर दुष्टानें अत्याचार केला, तर त्या निरपराध जिवासही तो असतो. अशा वेळीं ७२ तासांच्या आंत औषध सुरू करून तें २८ दिवस घेतल्यास बाधा टळण्याचा संभव फार मोठा असतो. आणि जितक्या लवकर तें सुरू होईल तितकें बरें. त्या ७२ तासांत आपलें मूल आपल्यापाशीं येऊन बोलेल काय, हा प्रश्न प्रत्येक आईबापांनीं स्वतःस विचारावा. ज्या घरांत ह्या रोगाचें नांव काढतांच डोळे वटारले जातात, त्या घरांतील मूल गप्प बसेल, आणि ते अमोल तास निघून जातील.

आमच्या छत्रपती संभाजीनगरांत घाटी रुग्णालयांत तपासणीची व सल्ल्याची सोय आहे. १०९७ ह्या क्रमांकावर फुकट माहिती मिळते. २०१७ च्या कायद्यानें बाधितांस शाळेंत, नोकरींत वा दवाखान्यांत वेगळें लेखण्यास मनाई केली आहे, व संमतीवांचून त्यांची माहिती उघड करण्यासही बंदी आहे. परंतु १८ वर्षांखालील मुलाच्या तपासणीस पालकांची संमती लागते. म्हणजे दवाखान्याच्या दाराची किल्ली वडीलधाऱ्यांच्याच हातीं आहे.

म्हणून पालकांस आमची विनंती अशी कीं, मुलानें विचारलें असतां रागावूं नये. आधीं सर्व ऐकून घ्यावें, व गरज पडल्यास स्वतः त्यासोबत डॉक्टरांकडे जावें. आणि विद्यार्थिमित्रहो, भीति वाटली तर ती मनांत कोंडूं नका. आईपाशीं, वडिलांपाशीं किंवा विश्वासाच्या शिक्षकांपाशीं त्याच दिवशीं बोला. घरांत विश्वास असेल, तरच औषध वेळेवर पोहोंचेल.