5 मार्चचे मतदान आणि आपली राखण

नेपाळच्या प्रतिनिधी सभेसाठी, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी, 5 मार्च 2026 ला मतदान आहे. आंब्याची पहिली काढणी, उरलेल्या फवारण्या आणि वानरांचा उपद्रव हे सारे आपल्याकडे त्याच पंधरवड्यात येते. बागा राखणारे नेपाळी गुरखे मतदानासाठी गावी गेले तर बाग राखायची कोणी, अशी विचारणा पावसपासून जयगडपर्यंतचे वाचक करत आहेत.

काठमांडूत राहिलेल्या राजदूतांना नेपाळमधली राजकीय अस्थिरता नवी नाही. 275 जागांपैकी 110 प्रमाणशीर पद्धतीने भरल्या जातात, त्यामुळे बहुमताचा 138 चा आकडा गाठणे एकट्या पक्षाला जड जाते. 2008 पासून एकाही पंतप्रधानाने पाच वर्षे पुरी केलेली नाहीत. सप्टेंबर 2025 मध्ये तरुण रस्त्यावर उतरले, पंतप्रधान ओली गेले, हंगामी पंतप्रधान म्हणून सुशीला कार्की आल्या आणि प्रतिनिधी सभा बरखास्त झाली. अशा ठिकाणी राजनैतिक अधिकारी निकालाचे भाकीत करत बसत नाही. कोणतेही सरकार आले तरी काम अडणार नाही एवढी तजवीज करून ठेवतो. आपण ती केली आहे का?

सर्वांत जास्त तक्रारी आहेत गुरख्यांच्या पोलिस नोंदणीच्या. एका ठाण्यात गुरख्याकडे व्हिसा मागितला. 1950 च्या करारामुळे नेपाळी माणसाला इथे येऊन काम करायला व्हिसा लागत नाही, हे त्या टेबलावर कोणालाच माहीत नसावे? दुसरीकडे नागरिकतेच्या दाखल्यावरचे 2055 हे जन्मसाल पाहून कागद खोटा ठरवला. ते विक्रम संवतातले साल आहे. बहुतेक दाखल्यांच्या मागच्या बाजूला इंग्रजी मजकूर आणि इसवी सनातली तारीख असते, पण कागद उलटून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. दोन दिवस बाग उघडी राहिली ती राहिलीच. जिल्हा पोलिस कार्यालयाने सर्व ठाण्यांना एकच लेखी सूचना काढावी, ही आमची मागणी आहे.

पण आपलेही काही बागायतदार कमी नाहीत. गुरखा पळू नये म्हणून मूळ दाखला कपाटात ठेवणारे आपल्यातच आहेत. तो आजच परत करा. दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून घ्या, नोंदणी आटपा. राहिला प्रश्न मतदानाचा. परदेशातल्या नेपाळींना मतदानाची सोय करा, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच बजावले. सोय अजून नाही. म्हणून ज्याला मत द्यायचे आहे त्याला गावीच जावे लागणार. त्याला अडवू नका. मतदानाच्या आधी सीमा बंद ठेवण्याची तिथे पद्धत आहे, तेव्हा बनबसामार्गे जाणाऱ्यांना फेब्रुवारीतच निघू द्या. उचल रोखून धरू नका, आणि शेजारच्या दोन-तीन बागा मिळून राखणीची पाळी आताच लावा.